खाड्याचा दंड आणि दहा हजार पावलं

दसरा झाला की बीड जिल्ह्यात कोयत्यांची मोजदाद सुरू होते. एक कोयता म्हणजे एक जोडपं. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार अशा बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातून मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या आणि लेकरं घालून सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर किंवा सीमेपलीकडे बेळगावाकडे ऊसतोडीला निघतात, ती परततात थेट चैत्र-वैशाखात. त्याच सुमारास, दिवाळीचा फराळ अंगी लागल्यावर, बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगावच्या दवाखान्यांत वेगळी मोजदाद चालते: उपाशीपोटी साखर किती, जेवणानंतर किती. डॉक्टर सांगतात, रोज अर्धा तास चाला, जिना चढा, एका जागी बसून राहू नका. सल्ला रास्तच आहे. पण हा सल्ला ज्या जिल्ह्यात दिला जातो, तिथल्या कितीतरी घरांत कुणीतरी अंग मोडेपर्यंत राबलेलं असतं, आणि दैनंदिन जीवनात हालचाल वाढवा म्हणणारे लेख त्यांची दखलही घेत नाहीत. माझं म्हणणं असं, की राबणारे आणि बसणारे यांचा विचार एकत्र केल्याशिवाय या सल्ल्याला अर्थ येत नाही.

आधी आकडे पाहू. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं, की प्रौढ माणसानं आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम स्वरूपाची हालचाल करावी. रोजचं अर्धा तास भरभर चालणं त्यात बसतं. (दहा हजार पावलांचा मंत्र मात्र कुठल्या वैद्यकीय संस्थेचा नव्हे. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ च्या सुमारास, जपानमधल्या एका कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच हा आकडा घातला.) २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये आलेल्या जागतिक पाहणीनुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत, बायकांत हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांत ४२. अशा पाहण्यांत कामावरचे कष्ट, पायी ये-जा आणि फावल्या वेळचा व्यायाम हे सगळं धरलं जातं. म्हणजे ऊस तोडणाऱ्या बाईला कुणी ही प्रश्नावली विचारली, तर ती ‘भरपूर सक्रिय’ या रकान्यात सगळ्यात वर जाऊन बसेल. कागदावर तिच्याइतकी तंदुरुस्त बाई महाराष्ट्रात सापडायची नाही.

आता तिचा दिवस बघा. पहाटे चारच्या आत उठून कोपीतली, म्हणजे फडाजवळच्या झोपडीतली, चूल, भाकरी, लांबून आणलेलं पाणी. उजाडायच्या आत फडात. नवरा बुडख्याशी वाकून ऊस तोडतो, ती पाचट सोलते, वाढे छाटते, मोळ्या बांधते. कधी दोघंही कोयता चालवतात. एका जोडीकडून दिवसाला दीड-दोन टन ऊस निघतो. गाडी आली की भरणी. ट्रकला तिरकी फळी लावलेली असते, डोक्यावर तीस-चाळीस किलोंची मोळी घेऊन त्या फळीवरून वर चढायचं, मोळी टाकायची, उतरायचं, पुन्हा दुसरी. गाडी संध्याकाळी सहाला येवो की रात्री दोनला, ती आली की भरावीच लागते. पायाला पाचटाचे काप, अंगाला कुसळं. आजारपणामुळे, पाळीमुळे किंवा लेकराला ताप आला म्हणून एक दिवस गैरहजर राहिलं, तर तो खाडा, आणि खाड्याला पाचशे रुपये किंवा त्याहून जास्त दंड. मजुरी टनावर मिळत असल्यानं त्या दिवसाची कमाईही बुडतेच.

या खाड्याचं काय होतं ते २०१९ मध्ये सगळ्या महाराष्ट्रानं ऐकलं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रमाण फार मोठं असल्याच्या बातम्या आल्यावर राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांवर बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, त्यांत बऱ्याच जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. कारणं अनेक होती: कमी वयात लग्न, लागोपाठ बाळंतपणं, फडावर आडोसा नाही की पाणी नाही, त्यातून होणारे संसर्ग, कॅन्सरची भीती घालणारे काही खासगी दवाखाने. पण बायका स्वतः बोलल्या तेव्हा एक कारण पुन्हा पुन्हा आलं. पाळीच्या चार दिवसांत ओझं वाहवत नाही, सुट्टी घेतली तर खाडा पडतो, त्यापेक्षा पिशवीच नको. कामाला थांबवता येत नाही म्हणून शरीरातला अवयव काढून टाकायचा, असा हा हिशेब आहे. ‘हालचाल म्हणजे आरोग्य’ हे समीकरण इथं पार कोलमडतं.

ते का कोलमडतं, हे विज्ञानालाही उशिराच कळलं. १९५३ मध्ये लंडनच्या जेरेमी मॉरिस या डॉक्टरनं दुमजली बसच्या ड्रायव्हर आणि कंडक्टरांची तुलना केली. दोघं एकाच सामाजिक वर्गातले, पगारही जवळपास सारखा. पण दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांना हृदयविकार जास्त, जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बराच कमी. पुढं याच गृहस्थांनी ड्रायव्हरांना कंपनीकडून मिळणाऱ्या विजारींच्या कमरेची मापंही तपासली, ती अर्थातच मोठी निघाली. व्यायाम आणि आरोग्य यांचा संबंध शोधणाऱ्या शास्त्राचा पाया इथं घातला गेला आणि कष्टाची कामं करणारे सगळेच निरोगी, असा समज रूढ झाला. गेल्या दहा-पंधरा वर्षांत कोपनहेगनच्या आंद्रेआस होल्टरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो उलटतपासणीला घेतला. फावल्या वेळातली हालचाल आयुष्य वाढवते, तर कामावरच्या जड कष्टांचा संबंध बऱ्याच वेळा उलटा, लवकर मरण्याशी दिसतो. हा फरक निव्वळ गरिबीमुळे, सिगारेटीमुळे दिसतो असं म्हणणारे संशोधकही आहेत आणि तो वाद मिटलेला नाही. तरी होल्टरमन यांनी दिलेलं स्पष्टीकरण आपल्याकडं कुठल्याही फडावर जाऊन ताडून बघता येईल. व्यायाम थोडा वेळ चालतो, हृदयाची गती चांगली वाढवतो, मग माणूस बसतो, पाणी पितो, झोपतो, आणि शरीर त्या विश्रांतीत घडतं. ओझं मात्र तासन्‌तास चालतं, रक्तदाब दिवसभर चढलेला ठेवतं, आणि त्याचा वेग, वेळ, विसावा यातलं काहीच वाहणाऱ्याच्या हातात नसतं. लंडनचा कंडक्टर जिना चढून वर जायचा, तिकिटं फाडायचा आणि मध्ये उभा राहून गप्पाही मारायचा. फळीवरच्या बाईला ही सोय नाही.

हे ओझं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं का, हे बघताना पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम आठवल्याशिवाय राहत नाही. १९९३ पासून त्यांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा मागोवा घेतला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलोंच्या आसपास, इंग्लंडमधल्या बाळापेक्षा बरंच कमी. पण या सडपातळ बाळांच्या अंगात चरबीचं प्रमाण मात्र त्यांच्या वजनाच्या मानानं जास्त होतं. दिसायला बारीक, आतून चरबीदार. पुढं वजन वाढलं की मधुमेहाला लवकर बळी पडणारं हे शरीर. आणि याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती: गरोदरपणात शेतातली आणि पाणी वाहण्यासारखी कष्टाची कामं जास्त करणाऱ्या आयांची बाळं थोडी आणखी लहान होती. परिणाम मोठा नव्हता, पण दिशा स्पष्ट होती.

मला वाटतं, बीडचं सगळं दुखणं या दोन निष्कर्षांच्या सांध्यात आहे. सातव्या महिन्यात मोळी वाहणाऱ्या बाईचं लहानखुरं बाळ हंगामी वसतिगृहात किंवा आजीपाशी वाढतं. आईबाप त्याला शिकवतात ते एवढ्यासाठीच, की त्यानं कोयता धरू नये, खुर्चीत बसावं. तो लातूरला क्लास लावतो, पुण्यात खोलीवर राहून बारा-बारा तास स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, वडापाव-पोह्यांवर दिवस काढतो, पुढं कुठंतरी कारकून किंवा शिक्षक होतो. पस्तिशीत त्याची साखर वाढते. डॉक्टर म्हणतात, हालचाल कमी आहे. खरंच आहे. पण बसून राहण्याचा हक्क त्याच्या घराण्यात त्यानंच पहिल्यांदा मिळवलेला आहे आणि तो सोडायला त्याचं मन सहजी तयार होत नाही. आईचे अतिश्रम आणि मुलाचं बैठं जिणं असे दोन प्रश्न म्हणून आपण त्यांच्याकडं बघतो. शरीर तसं बघत नाही. आईच्या थकव्याचा परिणाम पोटातूनच मुलाकडं आलेला असतो.

म्हणून ‘पूर्वीची माणसं कष्ट करायची, म्हणून निरोगी होती’ हे वाक्य कुणी फेकलं की मी सावध होतो. पूर्वीची म्हणजे कोणती? माझ्या पिढीच्या आजी-आजोबांनी १९७२ चा दुष्काळ काढला. त्या वर्षी मराठवाड्यात बायाबापड्या दुष्काळी कामांवर खडी फोडत होत्या. त्या कामांनी त्यांना जगवलं, हे विसरून चालणार नाही. पण त्या खडीनं कुणाची तब्येत सुधारली असं कुणी सांगत नाही. आता चव्वेचाळीस वर्षांनंतरचं, २०१६ चं अंबाजोगाई घ्या. पाणी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेचं ते पहिलं वर्ष, आणि निवडलेल्या तीनच तालुक्यांत वरूड, कोरेगावबरोबर अंबाजोगाई होतं. भर उन्हाळ्यात गावंच्या गावं पहाटे माळावर जाऊन चर खणत होती. कुदळ तीच, फावडं तेच, मातीही तितकीच कडक. फरक एवढाच, की घमेली हातोहात जात होती, दमलं की बाजूला बसता येत होतं, शेजारचं गाव आपल्यापुढं जाऊ नये म्हणून ईर्षा होती, आणि कुणी हजेरीपटावर खाडा मांडत नव्हतं. शहरातले डॉक्टर, मास्तर, वकीलही हौसेनं आले. एक खोच मात्र सांगितली पाहिजे: रोजंदारीवर जाणाऱ्याला श्रमदान म्हणजे बुडालेला रोज, आणि पगारी माणसाला तीच सुट्टीची सकाळ. श्रमदानाची थोरवी गाताना हे झाकलं जातं.

पण त्यातून एक गोष्ट पक्की कळते. बीडचा माणूस आळशी नाही आणि त्याला अंगमेहनतीचं वावडंही नाही. पंढरपूरच्या आषाढी वारीत बघा. पैठणहून एकनाथांची पालखी शिरूर, पाटोद्याकडून जाते, मुक्ताबाईंची बीड शहरातून, शेगावची गजानन महाराजांची परळी-अंबाजोगाईवरून. फडावरून परतून दोन-तीन महिनेच झालेल्या बायकाही डोक्यावर तुळस घेऊन त्यात चालतात, तीही शेकडो किलोमीटरची वाट. वारीत विसाव्याच्या जागा ठरलेल्या, मुक्काम ठरलेले, जेवण गावांनी वाटून घेतलेलं, दुखलं-खुपलं तर बरोबरच्या दिंडीचा हात. कुणी मागं राहिलं तर त्याला दंड होत नाही. वारी काही आरोग्यासाठी निघालेली नसते, पण आधुनिक व्यायामशास्त्र जे मागतं ते तिच्यात शतकानुशतकं आहे: ठरलेलं अंतर, सोबत, मधला विसावा, रात्रीची झोप.

याच संदर्भात अविनाश साबळेची गोष्ट नेहमी सांगितली जाते. आष्टी तालुक्यातलं मांडवा गाव, शाळा सहा किलोमीटरवर, वाहन नाही, म्हणून पोरगं पळत-चालत शाळेत जायचं आणि त्यातूनच तीन हजार मीटर स्टीपलचेसचा धावपटू घडला. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ ला रौप्य, हांगझोच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये सुवर्ण. गोष्ट खरी आहे, पण तिचा उत्तरार्ध भाषणांतून गळतो. साबळे धावपटू झाला तो शाळेच्या वाटेवर नाही, सैन्यात. महार रेजिमेंटमध्ये भरती झाल्यावर, सियाचीन आणि राजस्थानातली नोकरी केल्यावर तो स्पर्धेत उतरला; मध्ये दुखापतीनं थांबला तेव्हा वजनही चांगलंच वाढलं होतं, ते त्यानं महिनोन्‌महिने कष्ट करून उतरवलं. सैन्यानं त्याला पोटभर आहार, मैदान, प्रशिक्षक आणि विश्रांती दिली. पाटोद्याच्या पैलवान राहुल आवारेलाही घरच्या लाल मातीनंतर पुण्याची तालीम लागली, तेव्हा २०१८ चं राष्ट्रकुल सुवर्ण आलं. त्याच सहा किलोमीटरच्या वाटेमुळं किती पोरींची शाळा सातवी-आठवीत सुटली, हे कुणी भाषणात सांगत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत बीडमधल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी शंभरात त्रेचाळीसहून जास्त जणींची लग्नं अठराच्या आत झालेली दिसली. शाळेचं अंतर हे एकमेव कारण नसेल, पण आईबाप फडावर आणि शाळा लांब असेल, तर पोर उजवून टाकणं घराला सोपं वाटतं. शाळेला चालत जाणं आरोग्याला चांगलं, हे वाक्य या वाटेवर उभं राहून बोलायला धीर लागेल.

मग बसणाऱ्या बीडनं काय करायचं? इथं अडचण आळसाची कमी आणि प्रतिष्ठेची जास्त आहे. आपल्याकडं मान मोजला जातो तो माणूस किती कमी हलतो यावर. कचेरीत साहेब घंटी वाजवतात, शिपाई दहा पावलांवरचा पाण्याचा ग्लास आणून देतो, फाईल शेजारच्या टेबलावर नेतो. साहेबांनी स्वतः उठून फाईल नेली तर शिपायालाच ओशाळल्यासारखं होतं. ज्या समाजात अंगमेहनत जातीनं वाटून दिली होती, तिथं हे मुरलेलं आहे. गाडी घेणं म्हणजे वर जाणं. किराणा आणायला चौकापर्यंतही मोटारसायकल काढतात, कारण पायी जाताना दिसलं तर कुणीतरी हमखास विचारतं, ‘काय, गाडी बंद पडली का?’ हा प्रश्न बीडच्या रस्त्यावर जेवढ्या पावलांना आवर घालतो, तेवढा उन्हाचा तडाखाही घालत नसेल.

बायकांचं आणखी वेगळं. पहाटे पाचला एकटी बाई रस्त्यावर चालली तर ‘कुठं निघालीस?’ हे ठरलेलं. म्हणून तिच्या चालण्याला देव लागतो. अंबाजोगाईत योगेश्वरीचं दर्शन, बीडमध्ये खंडेश्वरी किंवा कंकालेश्वर, परळीत वैजनाथाची प्रदक्षिणा. साडीखाली बूट घालून, दोघी-तिघी मिळून, हातात फुलांची परडी घेऊन चालणाऱ्या बायका मी बघतो तेव्हा मला त्यांच्या युक्तीचं कौतुक वाटतं. व्यायाम म्हटलं तर घर नाक मुरडतं, दर्शन म्हटलं की कुणी अडवत नाही. नगरपालिकांनी वॉकिंग ट्रॅक बांधायचा तर तो गावाबाहेर बायपासला बांधण्यापेक्षा या देवळांच्या वाटा दुरुस्त कराव्यात: बाजूला पायवाट, दिवे, मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त. माणूस जिथं जाणारच आहे तिथं चालत जाणं सोपं केलं, की व्यायामाची वेगळी वेळ काढावी लागत नाही.

पहाटे रस्त्यांवर धावणारी भरतीची पोरं आणि पोरी, हे बीडचं आणखी एक चित्र. पोलीस भरतीसाठी मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय शंभर मीटर आणि गोळाफेक. मैदानाला कुलूप असतं म्हणून ती डांबरी रस्त्यावर, भरधाव गाड्यांच्या कडेनं पळतात. भरती झाली किंवा वय निघून गेलं की धावणं संपलं. जिल्हा परिषदेच्या आणि संस्थांच्या शाळांची मैदानं सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर गावाला उघडी केली, तर भरतीच्या पोरांना रस्ता सोडता येईल आणि त्यांच्यामागं चाळिशीतले मास्तर, दुकानदारही येतील. एक राखणदार आणि एक किल्ली एवढाच खर्च. खेळाच्या तासाला गणिताच्या शिक्षकांनी घुसणं बंद केलं तर त्याला तेवढाही खर्च नाही. राज्यातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. हालचाल आणि पोचणं या दोन्ही गोष्टी एकत्र साधणारी यासारखी योजना मला दुसरी दिसत नाही. फक्त रस्ता चांगला हवा आणि सायकल मुलीच्याच हाती राहायला हवी, भावाच्या नव्हे.

आणि फडावर? तिथं हालचाल वाढवायची नाही, कमी करायची आहे, आणि आरोग्य खात्यानं हे काम स्वतःचं मानायला हवं. रात्रीची भरणी बंद करणं, मोळीच्या वजनाला मर्यादा घालणं, कोपीजवळ नळ आणि आडोसा, गरोदर बाईला हंगामभर मजुरीसकट सूट, आठवड्याला एक पगारी सुट्टी. खाड्याचा दंड रद्द करायचा तो नुसत्या मजूर कायद्याचा मुद्दा म्हणून नको. मधुमेह प्रतिबंधाच्या आराखड्यात तो पहिल्या पानावर यायला हवा, कारण त्या बाईच्या पोटातलं मूल तीस-पस्तीस वर्षांनी बीडच्याच कुठल्या तरी दवाखान्यात साखर तपासायला येणार आहे. यावर कारखान्यांचं उत्तर ठरलेलं आहे: मग हार्वेस्टर आणू. यंत्र येतही आहे, आणि ते आल्यावर मोळी वाहावी लागणार नाही हे चांगलंच. पण उचल नसेल तर घर कसं चालणार, हे यंत्र सांगत नाही. मजूरसुद्धा बिनपगारी विश्रांती घेणार नाहीत. हंगाम पाच-सहा महिन्यांचा, तेवढ्यात वर्षाचं कमवायचं, तर थांबा म्हणणाऱ्याला ते हसतील. म्हणून विसाव्याची किंमत टनाच्या दरातच धरली पाहिजे. तोडणीचा करार होताना मुकादम, संघटना आणि साखर संघ दर टनामागे रुपयांवर भांडतात. पुढच्या करारात त्या रुपयांबरोबर सुट्टीच्या दिवसांचाही आकडा टेबलावर आला, तर तो चहापाण्याच्या आधीच मांडावा, कारण नंतर तो वाटाघाटीत हमखास गळतो.